शेवटची पानं नसलेली पुस्तकं

आई,

हे मी मोबाईलवर बोलून टाईप करतेय. हाताने लिहायला घेतलं होतं, पण दोन ओळींनंतर माझंच मराठी अक्षर मला लागेना. बाबा आतल्या खोलीत मॅच बघतायत. त्यांना वाटतंय मी कुणाशी तरी फोनवर बोलतेय, म्हणून त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केलाय.

आपले ते भुतांचे लेखक आठवतात ना तुला? ज्यांची पुस्तकं तू आपल्या दिल्ली गेटजवळच्या लायब्ररीतून आणायचीस? मी त्यांची पुस्तकं जमवते. साधी नाहीत, पहिल्या आवृत्तीची, कव्हरसकट. कव्हरवरची चित्रं ते स्वतःच काढायचे, हे तुला तरी माहीत होतं का? नसणारच, कारण आपल्या घरी आलेल्या एकाही पुस्तकाला कव्हर नव्हतं. लायब्ररीवाले काका नवीन पुस्तक आलं की आधी कव्हर फाडून फेकायचे. मग जाड पुठ्ठा, त्यावर खाकी कागद, पाठीला कापडाची पट्टी आणि पट्टीवर शाईने नंबर. म्हणजे पुस्तक टिकतं म्हणे. भुताचं पुस्तक काय आणि पाककृतीचं काय, सगळी दिसायला शाळेच्या वह्यांसारखी. आता त्याच फेकलेल्या कव्हरांसाठी आम्ही सगळे वेडे झालोय. आमचा एक ग्रुप आहे. कुणी एक फोटो टाकला की सगळे तुटून पडतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पानं कंप्लीट आहेत का?" तो प्रश्न बहुतेक वेळा मीच विचारते. का विचारते ते ग्रुपमध्ये कुणाला माहीत नाही.

स्वयंपाकघर. दूध गॅसवर आहे. तू ओट्याला टेकून उभी, एका हातात खाकी पुस्तक, दुसऱ्या हातात पळी. मी खाली पाटावर, ताटातली भाकरी तशीच. माणसं तू साध्या आवाजात वाचतेस आणि भुतं नाकातून. बाबा दारात येऊन म्हणतात, "अगं, पोरगी रात्री झोपायची नाही, भुतं कसली वाचून दाखवतेस?" तू मान वर न करता म्हणतेस, "तुम्हीच घातलीत ना कॉन्व्हेंटात? आता तिला मराठी वाचता येत नाही तर ऐकू तरी द्या." बाबा दार लावून जातात. तू पुढे वाचतेस. आणि शेवट जवळ आला की तू पुस्तकातून डोळे काढतेस आणि माझ्याकडे बघून वाचायला लागतेस. मला वाटायचं, माझ्या आईला शेवट पाठ आहेत. मला फार भारी वाटायचं त्याचं.

तू गेलीस तेव्हा मी नववीत होते. त्यानंतर कितीतरी वर्षं मी मराठी पुस्तकाला हात लावला नाही. कॉलेजात असताना पुण्यात फूटपाथवर ते गुऱ्हाळातल्या हडळीचं पुस्तक दिसलं, कव्हरवर तिचा हिरवा चुडा, मागे उसाच्या चिपाडांचा ढीग. उड्या मारतच घेतलं. अडखळत, बोट ठेवून वाचलं. तू सांगितलं होतंस की हडळीला शेवटी बालवाडीत खिचडी शिजवायची नोकरी लागते आणि पोरं तिच्या उलट्या पावलांचे ठसे रांगोळीसारखे रंगवतात. पुस्तकात तसलं काहीच नव्हतं. पुस्तकात ती हडळ म्हणजे मालकाचा चुलतभाऊ निघाला, लुगडं नेसून फिरणारा, सातबाऱ्यावर नाव लावून घेण्यासाठी. मला वाटलं ही आवृत्तीच वेगळी असणार.

म्हणून मी लायब्ररीत गेले. लायब्ररी बंद झालीय, तिथे आता मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, पण काका मागेच राहतात. त्यांनी मला लगेच ओळखलं. "भिंगारच्या शाळेत ऑफिसात होत्या त्या वहिनींची ना तू?" मी शेवटाचं विचारलं तर हसायलाच लागले. "अगं, माझ्याकडची निम्मी पुस्तकं शेवटाला तुटकी. पहिलं आणि शेवटचं पान आधी जातंय. लोक एसटीत वाचणार, उलटं ठेवणार, त्याच्यावरच बसणार. मी आपला उरलेलं शिवून टाकायचो. बाकीचे भांडायचे, काका, गडी मेला का जगला ते तरी सांगा. तुझ्या आईला मी आधीच सांगायचो, वहिनी, ह्याला शेवट नाही बरं का. तर म्हणायची, द्या हो, शेवट आमच्या घरी आहे."

काकांच्या ओट्यावर बसून मी रडले. आनंदाने, खरंच. मग ठरवलं की तू वाचलेलं प्रत्येक पुस्तक पूर्ण मिळवायचं आणि कुठे लेखकाचं संपतं आणि तुझं सुरू होतं ते बघायचं. दर रविवारी माळीवाड्याहून एसटी पकडायची. कधी जामखेडला कुणाच्या तरी माळ्यावरची वाळवी लागलेली पोती उपसायची, कधी संगमनेरला जाऊन "कालच रद्दीत घातली की ताई" ऐकून परत यायचं. सोमवारी एमआयडीसीत ड्युटी. मित्रमैत्रिणी म्हणायचे, काय ती तुझी एनर्जी! होती तेव्हा.

पण आई, यात एक गोष्ट मी धरलीच नव्हती. पूर्ण पुस्तक वाचलं की लेखकाचा शेवट डोक्यात बसतो आणि हलत नाही. छापलेलं असतं ना ते, पाहिजे तेव्हा परत उघडता येतं. तुझं कुठे उघडू? हडळीची नोकरी तेवढी पक्की आहे. बाकीच्या गोष्टींत तुझी माणसं आता अर्धवट येतात. त्या दुसऱ्या पुस्तकातला फाटकातला म्हातारा तू शेवटी कुठे पाठवला होतास, गावाला की आपल्याच गच्चीवर? आठवायला गेले की पुढे लेखकाचा कुठलातरी चुलतभाऊच येतो. शेल्फ भरत चाललंय, ग्रुपवर लोक हात जोडलेले इमोजी टाकतात, आणि मी फोटो काढून झाले की तिकडे बघत नाही. दमलेय मी. रविवारचा अलार्मसुद्धा नको वाटतो.

एकच राहिलं होतं, विहिरीवालं. दवाखान्यात जायच्या आधी तू वाचलेलं शेवटचं. विहिरीतून रोज एक बाई वर येते आणि एकाच घराच्या दाराशी उभी राहते, ते. मागच्या महिन्यात कळलं की राहात्याला एका सरांच्या घरी आहे. सर वारले होते. दार उघडलं ते आजींनी.

"तूच का फोन करणारी? मला वाटलं कोन बाप्या मानूस असंल. पोरीबाळींना काय करायच्यात भुतं?"

"जमवते मी, आजी."

"जमव बाई. आमच्या ह्यांनी बी जमवली. हे गेले, भुतं ऱ्हायली माझ्याकडं."

पुस्तक नव्यासारखं होतं. आणि भिंतीवर, आई, त्याच कव्हरचं मूळ चित्र. ते लेखक एकदा शाळेच्या कार्यक्रमाला आले होते, रात्री सरांकडे मुक्कामाला होते आणि जाताना देऊन गेले. छापलेल्या कव्हरवर त्या बाईचं तोंड नुसतं काळं दिसतं. चित्रात नीट दिसतं. काठाला दोन्ही हात टेकलेत तिने, केसांतून पाणी गळतंय, आणि ती कुणाला घाबरवायला वगैरे निघालेली अजिबात वाटत नाही.

"जेवाया बसलं की समोर ही," आजी म्हणाल्या. "पावणे आले की हे तिला भितीकडं तोंड करून पालथी घालायचे. लई हसायचे लोक."

"तुम्हाला भीती नाही वाटायची?"

"भ्या कशाचं? दमलीया बघ किती. मला वाटायचं, म्हनावं ये, बस घटकाभर."

चित्र न्यायचं का, हे मला विचारवेना. त्याच म्हणाल्या, पुढच्या खेपेला ये, मन झालं तर चित्र दीन तुला.

येताना एसटीत पुस्तक मांडीवर होतं, ओढणीत गुंडाळलेलं. मी ठरवलं, या वेळी घाई करायची नाही. आधी तुझा शेवट लिहून काढायचा, पक्का करायचा, मगच शेवटची पानं उघडायची. घरी येऊन बसले. बाई विहिरीतून येते इथपर्यंत सगळं आठवलं. गावाने अंगारा टाकला, मांत्रिक आणला, तो पळाला, तुझा नाकातला आवाज, सगळं. बाई दाराशी येते. आतली सून कडी काढते. तू पुस्तकातून डोळे काढून माझ्याकडे बघतेस.

पुढे काही नाही. तुझं तोंड हलताना दिसतं, ऐकू येत नाही. बाबांना विचारलं. ते म्हणाले, "मी कुठे ऐकायचो? दार लावून घ्यायचो ना मी." मी रोज ऑफिसातून आल्यावर प्रयत्न केला. एकदा वाटलं आठवलं, पण ते मीच जुळवलेलं होतं, मला कळलं.

हे पाठवायचं तर तुझ्या जुन्या नंबरवर पाठवता येईल. तो आता दुसऱ्या कुणाकडे आहे, डीपीला ट्रॅक्टर आहे. त्याला कशाला त्रास.

काल मी शेवटची पानं उघडली. सून दार उघडते. ती बाई कुणाला धरत नाही, काही मागत नाही. फक्त विचारते, "इथं आता कोण राहतं?" सून घरातल्या सगळ्यांची नावं सांगते, पाळण्यातल्या बाळाचंसुद्धा. बाई नीट ऐकून घेते, "बरं" म्हणते आणि विहिरीकडे परत जाते. परत येत नाही. एवढंच आहे.

वाचून झाल्यावर मला आधी तू आठवायला हवी होतीस. नाही आठवलीस. मी तेच पान परत वाचलं, मग अजून एकदा, मोठ्याने. मला आवडला गं त्यांचा शेवट.