ओढ्यापलीकडची वस्ती

प्रिय मावशी,

सकाळपासून फोन हातात घेते आहे आणि खाली ठेवते आहे. तुझा आवाज ऐकला की मी हवापाण्याच्या गप्पा मारून मोकळी होईन, म्हणून लिहायला बसले. गुडघा कसा आहे? शिवणयंत्रावर फार वेळ बसू नकोस, असं सांगायचा अधिकार मला आता उरलेला नाही, तरी सांगते.

पाटी तयार झाली. आमच्या नकाशा मंडळातले पोस्टमास्तर काल घरी आणून दाखवून गेले. ‘पुरात वाहून गेलेली वस्ती येथे होती’ असं ठळक अक्षरांत, आणि खाली शोध लावणारी म्हणून माझं नाव. ते कौतुकाने बघत होते आणि मला मात्र त्यांच्याकडे मान वर करून बघवत नव्हतं.

तुझं बालपणीचं घर नकाशावरून शोधून तुला चकित करायचं, या खुळाने मी वर्षभर झपाटले होते. कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आणि पुराच्या आधीचा नकाशा मिळवला. तो बाहेर न्यायला परवानगी नव्हती, म्हणून तिथेच पातळ कागदावर ओढा, वाटा, घरं असं सगळं उतरवून घेतलं. फक्त नावं लिहायचा कंटाळा केला. तू दोन गल्ल्या सोडून राहतेस. सरळ येऊन तुला विचारावं, हे एकदाही सुचलं नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, ते माझ्यासाठीच.

मग तो रविवार. ओढ्याकाठी सगळं मंडळ, हौशी मंडळी, आणि मध्ये तू, नवी साडी नेसून. मी कागद उलगडून ओढ्याच्या अलीकडची जागा दाखवली. तू हळूच म्हणालीस, “अगं, दारातून बाहेर पडलं की ओढा डाव्या हाताला यायचा.” त्यावर मी भूगोलाच्या बाईंच्या आवाजात म्हणाले, “मावशी, आठवण फसवते, नकाशा फसवत नाही.” लोक हसले. तू एकदा कागदाकडे पाहिलंस, एकदा माझ्याकडे, आणि म्हणालीस, “असेल बाई, तुझंच खरं.” मग खाली बसून मातीवरून हात फिरवलास. इथे चूल, इथे आईचं जातं, असं सगळ्यांना दाखवलंस. टाळ्या झाल्या. मी फुशारून गेले होते गं.

परवा त्या जुन्या नकाशाची रीतसर नक्कल टपालाने आली. पाटीशेजारी लावायला मागवली होती. माझा कागद तिच्यावर ठेवला, तर वस्ती ओढ्याच्या दुसऱ्याच काठाला. पातळ कागद मी उलटा धरला होता! दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो तो, नावं असती तर ती तरी उलटी दिसली असती. ओढाही तिथे जवळजवळ सरळ वाहतो, त्यामुळे उलटा कागद नव्या नकाशावर चपखल बसला. असली चूक शाळेतल्या पोरांनी केली की मी त्यांना बाकावर उभं करत असे.

दुपारीच एकटी पलीकडे गेले. झुडपांत पायाचे दगड सापडले, एक पायरीही. पायरीच्या आजूबाजूचं गवत उपटलेलं होतं. दगडाच्या कपारीत प्लॅस्टिकच्या पिशवीत एक बसकर होतं, तुकडे जोडून शिवलेलं. त्यात माझ्या जुन्या पिवळ्या पडद्याचा तुकडा होता. तो पडदा मी तुला गेल्या वर्षी चिंध्यांसाठी दिला होता.

मावशी, तू तिथे जातेस. कधीपासून जातेस, ते मला ठाऊक नाही. त्या रविवारी आपण चुकीच्या काठावर आहोत, हे तुला पहिल्या पावलापासून कळत होतं. तरी चारचौघांत माझं हसं होऊ नये म्हणून परक्या मातीत तू आपल्या आईचं जातं मांडलंस. चुकले याची लाज वाटतेच. पण तुला गप्प केलं, आणि तू मात्र मलाच जपलंस, याने मी मेल्याहून मेल्यासारखी झाले आहे.

येत्या रविवारी पाटी रोवायची आहे. ती मी रोवू देणार नाही. उभी राहून सगळ्यांना सांगेन की वस्ती इथे नव्हती, मावशी बरोबर होती आणि मी तिला बोलू दिलं नाही. ती पायरी मात्र कुणाला दाखवणार नाही. दाखवायची की नाही, ते तुझं तू ठरव. एवढंच मागायला हे पत्र लिहिलं: तू ये, पुढे बस, आणि मी बोलायला लागले की ‘असेल बाई’ म्हणून मला सोडवू नकोस.

तुझीच,
ओशाळलेली भाची