सोळा आण्यांची गाडी

नाना,

तुम्ही गेलात तेव्हा माझी धाकटी पोटात होती, आणि आता तिची लेक कॉलेजात जाते. एवढ्या वर्षांत तुम्हाला काही सांगावंसं वाटलं नाही असं नाही, पण संसारात माणूस दोन घटका देवाशी बोलतं तेच पुष्कळ. आज लिहायला बसले, कारण जे झालंय ते नीट कळेल असं तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही. ह्यांना सांगायला गेले तर हे म्हणतात, झालं ते झालं, किती घोकत बसशील. पण आठ दिवस झाले, देवापुढे वात लावताना काडी दोनदा विझते.

खालापूर फाट्यावरच्या पेट्रोल पंपाचा तो लाकडी बाक मला अजून दिसतो. मे महिन्याच्या सुट्टीत आई माझ्या हाती तुमचा डबा द्यायची आणि मी संध्याकाळपर्यंत तिथंच रमायची. मुंबई-पुण्याचा तो एकच रस्ता होता तेव्हा, त्यामुळे लोणावळ्याला हवा खायला निघालेला प्रत्येक श्रीमंत माणूस तुमच्या डोळ्यांखालून जाई. पंपाच्या मीटरचे आकडे टिपून झाले की तुम्ही एका पुठ्ठ्यावर परदेशी गाड्या टिपत होतात. कुठल्या गाडीची किंमत केवढी, हे तुम्ही कधी कुणाला विचारलं नाहीत. मी विचारलं की म्हणायचात, "गाडी केवढ्याची ते नको विचारू, कुठं दिसली ते विचार." मुंबईला समुद्राकाठी दिसली तर एक आणा. आपल्या पंपावर दिसली तर चार आणे. हमरस्ता सोडून कर्जतच्या बाजारात शिरली तर बारा. आणि पळसदरीच्या धरणावर नाहीतर कोंडाण्याच्या डोंगराखाली दिसली तर सोळा आणे. "तिथं दिसली म्हणजे एक तर रस्ता चुकली, नाहीतर लेणी बघायला कुणी साहेब आलाय." शाळेत मास्तरांना जमलं नाही ते अपूर्णांक मी त्या पुठ्ठ्यावर शिकले. मॅट्रिकला गणितात निघाले ती त्याच जोरावर.

आता तो रस्ता तुम्हाला ओळखू यायचा नाही. घाटातून मोठा नवा रस्ता गेला आणि गाड्या तिकडून पळायला लागल्या. आम्ही राहतो ते चार फाट्याच्या पुढे, कळंबच्या रस्त्याला. भाताची खाचरं होती तिथं आता फार्महाऊस आणि रिसॉर्ट आहेत, आणि तुमच्या सोळा आण्यांच्या गाड्या शनिवार-रविवारी दोन-दोन आण्यांना झाल्यात. मधल्या वारी मात्र अजून सोळाच. हे मी नुसतं सांगत नाही, माझ्याकडे लिहिलेलं आहे. तीन वर्षांपूर्वी नात मला मोबाइलवर दाखवायला लागली, की जगभरची माणसं गाड्यांचे फोटो टाकतात, कुठं दिसली ते लिहितात आणि बाकीची माणसं ठरवतात किती दुर्मिळ ते. तीच गाडी मुंबईत 'नेहमीची' आणि कर्जतला 'दुर्मिळ'. मी म्हटलं, अगो, हे तर आमचे नाना पुठ्ठ्यावर करायचे. तिला खरं वाटेना. त्या दिवसापासून जेवणं आवरली की दोन ते पाच मी ओटीवर खुर्ची टाकून बसते. मांडीवर वाल सोलायला घेते आणि शेजारी वही. वहीत पुढून घरखर्च, मागून गाड्या, त्यासाठी कोण नवी वही आणतंय. हे मला टोलनाका म्हणतात. "काय टोलनाका, आज वसुली किती?" गल्लीतल्या कुणी नवी गाडी घेतली तर दारावरून जाताना मुद्दाम हॉर्न वाजवतो, मी लिहावी म्हणून. मला त्याचा गर्व झाला होता, नाना. त्या वेळी तो गर्व आहे हे कळलं नाही.

वरच्या ठाकरवाडीतली एक बाई माझ्याकडे पंधरा वर्षं रानभाज्या विकायला येतेय. आधी शेवळं, मग कुर्डू-टाकळा, उन्हाळ्यात करवंदं, आणि थंडी पडली की उपासाला चालणारे करांद्याचे कंद. माझा एकादशीचा उपास तिला माझ्यापेक्षा जास्त लक्षात असतो. आदल्या खेपेलाच सांगून जाते, "वैनी, मंगलवारी तुजी ग्यारस हाय, करांदं आनते." दोन महिन्यांपूर्वीच्या त्या मंगळवारी ती आली नाही. मी दुपारपर्यंत वाट पाहिली, थोडी चिडलेही, आणि शेवटी साबुदाण्याची खिचडी टाकली. संध्याकाळी कळलं, की वाडीखाली, ओढ्यावरच्या मोरीच्या वळणावर तिला कुणीतरी उडवलंय. टोपली एकीकडे, ती एकीकडे, आणि पाय मांडीपासून मोडलेला.

ती सांगत होती ते ऐकून सगळे तिथंच हसले म्हणे. ती म्हणाली, नारिंगी गाडी होती, भुईला टेकलेली, माझ्या गुडघ्याएवढी. आवाज वाघरासारखा. पुढं जाऊन थांबली, दार बाजूला उघडायच्या ऐवजी वर गेलं, भुंगा पंख उचलतो तसं. आतल्या माणसानं मागं वळून बघितलं, पंख मिटला आणि गेला. आता मंगळवारच्या दिवशी, भर दुपारी, वाडीच्या वळणावर असली गाडी म्हटल्यावर कुणाला पटणार? आमच्या गल्लीतही कुणी म्हणालं ओझ्यानं तोल गेला असेल. कुणी म्हणालं एखादा टेंपो असेल. एकाने तर हाताने बाटली तोंडाला लावून दाखवली. ती बाई आयुष्यात कधी प्यायलेली नाही, हे मला माहीत होतं. तरी मी त्या माणसाला काही बोलले नाही.

दोन दिवसांनी हवालदार रस्त्याकडेच्या घरांतून चौकशी करत आला आणि आमच्या ओटीवर टेकला. चहा घेतला. म्हणाला, काकू, सगळे म्हणतात तुमच्या वहीतून गाडी सुटत नाही, जरा मंगळवार बघा. मी चष्मा लावला, वही मागून उघडली. सोमवारी गल्लीतल्या दोन साध्या नव्या गाड्या, बुधवारी तसलीच एक. मंगळवारसमोर काही नाही. मी मान वर करून सांगितलं, "नाही हो. असली गाडी मंगळवारी गेलेली नाही." एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी त्याला तुमचे आणे समजावून सांगितले. असल्या गाड्या आपल्याकडे कधी दिसतात, कुठल्या वारी दिसतात, कळंबच्या रस्त्याला मधल्या वारी तीन वर्षांत एकही कशी नाही. तो कौतुकाने ऐकत होता. मग त्याने लिहून घेतलं, 'सदर वर्णनाचे वाहन आढळून आले नाही', आणि चहा छान झाला म्हणून गेला. गाडीच नाही म्हटल्यावर पुढे शोधायचं कुणाला? सरकारी दवाखान्यात पाय बांधला तो वाकडा बसला. दुसरं ऑपरेशन करायचं तर त्याला मोठा खर्च, आणि तो द्यायला कुणीच नाही, कारण तिला कुणी उडवलेलंच नाही असं माझी वही सांगत होती.

गेल्या रविवारी नात आली. जेवताना म्हणाली, आजी, तुला गंमत दाखवते, तुमच्या कर्जतची एक गाडी सगळ्यात वर गेलीय, 'अतिदुर्मिळ' मिळालंय. आणि मागे काय दिसतंय ते बघ म्हणत मोबाइल माझ्यासमोर धरला. नाना, नारिंगी गाडी. भुईला टेकलेली. आणि तिच्यामागे आमचं घर. आमचं तुळशीवृंदावन, आमचा निळा नळ, दोरीवर माझं वाळत टाकलेलं सोवळं. ओटीवर माझी खुर्ची. रिकामी. खुर्चीवर वही. मागून येणाऱ्या कुठल्याशा मोटारसायकलवाल्याने काढलेला फोटो, खाली तोच मंगळवार, दुपारचे अडीच वाजून गेलेले. नात सांगत होती की खाली लोक भांडतायत, हा फोटो खोटा आहे, असली गाडी मधल्या वारी कर्जतला येणंच शक्य नाही. आणि एकाने पुढच्या दिव्याजवळचा ओरखडा बघून लिहिलं होतं, एवढ्या सुंदर गाडीला लागलेलं बघून जीव कळवळला. मी हातातला घास ताटात ठेवला. ह्यांनी पाणी आणून दिलं, नात घाबरून विचारत राहिली, आजी काय झालं, आणि मला एकच दिसत होतं, ती रिकामी खुर्ची.

मग तुमचा तो दिवस आठवला. मी अकरा वर्षांची असेन. तुम्ही आत डबा खायला गेला होतात, पुठ्ठा माझ्याकडे होता, आणि मी पंपामागच्या रायवळाच्या कैऱ्या पाडायला पळाले होते. परत येऊन त्या तासासमोर ऐटीत शून्य काढलं. तुम्ही माझ्या ओच्यातल्या कैऱ्या बघितल्यात आणि ते शून्य खोडलंत. ओरडला नाहीत. मीटरची वही उघडून दाखवलीत, की ज्या पाळीचा आकडा कुणी बघितला नाही तिथं आडवी रेघ असते, शून्य नसतं. "शून्य लिहायलाही जागेवर बसावं लागतं. नव्हतीस तर रेघ मार." मग खिशातली लाल-निळी पेन्सिल मला दिलीत, रेघा मारायला. माझ्या वहीत मंगळवारी रेघही नव्हती, शून्यही नव्हतं. कोरी ओळ होती, आणि मी ती हवालदाराला शून्य म्हणून वाचून दाखवली.

सोमवारी सकाळी नातीला घेऊन चौकीत जायला निघाले तेव्हा दारात थांबून मी पेन उघडलं होतं, हेही सांगते. त्याच शाईने कोऱ्या ओळीत 'नारिंगी, एक' लिहिणं काही कठीण नव्हतं. तिचं भलंच झालं असतं. फोटो खोटा म्हणणारे लोक आहेतच, माझी वही कुणी खोटी म्हटली नसती. दोन मिनिटं पेन तसंच धरून उभी राहिले. मग टोपण लावलं, आणि चौकीत हवालदारासमोर त्या ओळीत आडवी रेघ ओढली. त्याला म्हटलं, मी त्या वेळी ओटीवर नव्हते, मी पाहिलेलं नाही, म्हणून माझं नाही म्हणणं खोडा. तो जरा वैतागला. म्हणाला, "काकू, तुमच्या भरवशावर मी कागद पुढं पाठवला की ओ." मग नातीच्या मोबाइलवरचा फोटो त्याने मोठा करून पाहिला, नंबर स्पष्ट होता. जबाब नव्याने लिहून घेतला, माझी सही घेतली. पुढे काय होईल, कधी होईल, ते त्यालाही सांगता आलं नाही.

तिथून वाडीवर गेले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी तिच्या दारात गेले, नाना, नेहमी तीच माझ्या दारात. ती कुडाला टेकून बसली होती, पाय उशीवर. मी फोटो दाखवला. तिने गाडीकडे फार वेळ बघितलं. मला वाटलं रडेल, नाहीतर मला बोलेल. मी सांगायच्या आधीच तिला माहीत होतं, की नाही म्हणणारी मी होते. हवालदारानेच सांगितलं होतं, वहीवाल्या काकू नाही म्हणतात म्हणून.

"तू नाय म्हनलीस ना वैनी," ती म्हणाली, "तवा मलाच वाटाया लागला, मी बगितलाच नाय का काय. मानूस भ्याला की कायबी दिसतं. रोज रातच्याला डोलं मिटून बगायची, ते दार खरंच वर ग्येलं का."

पाय माझ्यामुळे मोडला नाही, हे मी मनाला समजावलं असतं. पण तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं मी तिच्याकडून काढून घेतलं, आणि ते ओटीवर चहा पाजत पाजत. मी तिचा हात धरून म्हटलं, तू पाहिलंस ते खरं होतं, माझंच चुकलं. तिने मान हलवली. मग अगदी साधेपणाने विचारलं, "मंग तू कुठं व्हतीस गं तवा? तू तं रोज बसतेस."

हवालदारालाही मी तेच सांगितलं होतं आणि तिलाही तेच सांगितलं, की एकादशी होती, देवापुढे पोथी वाचत होते. तिने तिथल्या तिथे हात जोडले. म्हणाली, मंग देवाच्या कामाला कोन काय म्हननार.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून लिहिते. त्या दुपारी पोथी फडताळातच होती. खिचडी जरा जास्त झाली होती, आणि मी पंखा लावून आतल्या खोलीत झोपले होते.