लेकीच्या डोळ्यातल्या मूळपेशी

२२ सप्टेंबर
आज हरिप्रियाच्या डाव्या डोळ्याच्या कडेचा कण काढला. तिळाएवढा! त्यातल्या मूळपेशी प्रयोगशाळेत पातळ पडद्यावर वाढवायच्या आणि यांच्या उजव्या बुबुळावर बसवायच्या. यांचे दोन्ही डोळे पानाच्या चुन्याने भाजले — पुडी दाबली, फचकन फुटली. चाळीस वर्षं ओरडतेय, सोडा ते पान!

डॉक्टर विद्यालक्ष्मी म्हणाल्या, "वाढतील, रुजतीलही. पण खात्री देत नाही." पट्टी बांधलेली लेक हसत होती. अड्यारच्या दवाखान्यातून वेलचेरीला घरी येईपर्यंत मीच गळून गेले.

५ ऑक्टोबर
बसवल्या. सहा आठवडे डोक्यावरून पाणी नाही, तेल नाही. दर दोन तासांनी थेंब. कंबर मोडली.

१५ ऑक्टोबर
"पिवळी नेसलीस का?" यांनी विचारलं. हिरवी होती. असू दे! रंग दिसला! स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

२० ऑक्टोबर, दिवाळी
शेजारच्या अलमेलूमामींनी सकाळीच दारातून विचारलं, "गंगास्नानम् आच्चा?" म्हणजे अभ्यंगस्नान झालं का. यांचं तोंड एवढंसं झालं. जन्मात एक दिवाळी तेलावाचून गेली नाही. "बोटभर लाव ग, सरोजा, टाळूला. शकुनापुरतं." हरिप्रिया झोपली होती. लावलं. ओल्या टॉवेलने पुसताना एक ओघळ डोळ्याकडे गेला — पदराने टिपला. एवढ्याने काय होतंय!

२३ ऑक्टोबर
डोळा लालभडक.

२७ ऑक्टोबर
पडदा सुटला. पेशी गेल्या. डॉक्टर म्हणतात, दुसऱ्याच्या पेशी शरीर कधी कधी नाकारतं, कुणाचा दोष नाही. हरिप्रिया लगेच, "माझ्या दुसऱ्या डोळ्यातून घ्या!" तेलाचं बोलले नाही. भित्री मेली!

३० ऑक्टोबर
आज सांगायचंच ठरवून डॉक्टरांकडे गेले. तोंड उघडणार तोच हे म्हणाले, "तेल मी लावलं, डॉक्टर. चोरून. पुढेही लावीन."

डॉक्टरांनी फाइल मिटली. पथ्य न पाळणाऱ्यासाठी लेकीचा चांगला डोळा कापणार नाही म्हणाल्या. हरिप्रिया बापाशी बोलत नाही. "अप्पा, माझा डोळा काय फुकट आला होता?" एवढंच बोलली.

मला वाचवलं यांनी! ऑटोत यांचा हात धरून बसले.

३१ ऑक्टोबर
यांना म्हटलं, "माझ्यासाठी खोटं बोललात."

"तुझ्यासाठी नव्हे ग. शकुनापुरतं एकदाच लावलं, हे खरं कळलं तर ती पुन्हा दुसरा डोळा पुढे करील. रागावलेलीच बरी."