राणीला कुणी सांगितलं नाही

१९ ऑगस्ट २०२०, बुधवार

बाबा गेले.

पुण्यात रात्रीचे पावणेदोन, इथे सकाळचे सव्वासहा. मी शिफ्टला निघाले होते. एक बूट पायात, एक हातात. चित्राचा फोन. माझ्या नवऱ्याची, राजीवची धाकटी बहीण — ती स्वतःच पॉझिटिव्ह, स्वतःच्याच घरात कोंडलेली. तिलाही हॉस्पिटलने फोनवरच सांगितलं. बाबांना शेवटचं बघताही येणार नाही. महापालिकेची माणसं तिकडूनच परस्पर नेणार.

सासूबाई खालच्या खोलीत झोपल्या होत्या. फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आल्या, त्या अजून इथेच अडकल्यात. बाबा म्हणाले होते, "तू हो पुढे. माझं मोतीबिंदूचं उरकलं की एप्रिलमध्ये येतोच मी." एप्रिल!

राजीव आणि मी गॅरेजमध्ये गाडीत बसून चित्राशी बोललो. घरात बोलणार कुठे? चित्राचं एकच पालुपद — आईला सांगू नका. स्टेंट घातलाय, परका देश, विमान नाही, भेटायला कुणी येऊ शकत नाही. सीट मिळाली की इकडे आणू, जवळ बसवू, मग सांगू. राजीव नुसती मान हलवत होता. मग स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला. आणि मी घड्याळ बघितलं. शिफ्टला उशीर होत होता.

"ठीक आहे, नको सांगायला," असं शेवटी मीच म्हणाले. घरातली डॉक्टर ना मी! माझा शब्द प्रमाण.

२० ऑगस्ट

आईंनी अंघोळ करून नेहमीसारखं कुंकू लावलं. मी फ्रिजमध्ये डोकं घालून दूध शोधत राहिले. दूध समोरच होतं.

२१ ऑगस्ट

"दोन दिवस झाले, यांचा आवाज नाही," आई म्हणाल्या. राजीव उठून बाथरूममध्ये गेला. मी म्हणाले, बोलताना धाप लागते, म्हणून फोन नको म्हणालेत. मेसेज करतील.

झालं! आता मेसेज करायचा कुणी? बाबांचा फोन चित्राकडे. (हॉस्पिटलने एका पिशवीत घालून घरी पाठवला. चष्मा, फोन, नॅपकिन.) चित्रा म्हणाली, "वहिनी, माझ्याने नाही होणार. फोन चार्ज करून ठेवीन, पण बाबांच्या जागी मी नाही लिहू शकत." राजीवने मजकूर म्हणून स्वतःच्या फोनवर दोन अक्षरं टाइप केली आणि फोन ठेवून दिला. शेवटी चित्राने व्हिडिओ कॉलवरून माझ्या लॅपटॉपवरचा तो काळा-पांढरा चौकोन बाबांच्या फोनने स्कॅन केला. आता बाबांचं व्हॉट्सअ‍ॅप माझ्या लॅपटॉपवर.

लिहिलं — "बरा आहे. बोलवत नाही. मेसेज करीन. काळजी करू नकोस."

खालून आईंच्या फोनचा टिंग असा आवाज आला. मग उत्तर आलं — "बरं. औषधं वेळेवर घ्या."

मी लॅपटॉप मिटला.

२२ ऑगस्ट, शनिवार

गणेश चतुर्थी. आणि आम्हाला सुतक!

गेले तीन दिवस मला हाच घोर. दर वर्षी राजीव बागेतल्या मातीचा गणपती करतो, सोवळं नेसून पूजेला बसतो. यंदा बाप जाऊन तीन दिवस झालेत आणि आईच्या डोळ्यांदेखत आरती म्हणायची? राजीव म्हणाला, "मी नाही बसणार सुनीती. तू काय वाट्टेल ते सांग तिला." मी म्हणाले, काय सांगू? पाठ धरलीय सांगू? कडाक्याचं भांडण झालं. तेही गाडीत, काचा वर करून.

आणि सकाळी आईच म्हणाल्या, "यंदा नको बसवू या गणपती. हे तिकडे आजारी, माझं मन लागायचं नाही." देवच पावला म्हणायचा. मोदकही नको म्हणाल्या. मी दूध-पोहे खाऊन कामाला गेले.

२४ ऑगस्ट

अनन्याच्या शाळेचा प्रोजेक्ट — व्हिक्टोरिया राणी. ज्या राज्यात राहतो ते तिच्या नावाचं, शहर तिच्या पहिल्या पंतप्रधानाच्या नावाचं, आणि पोरीला काही म्हणजे काही माहीत नाही. पण घरात आजी आहे! पुण्यात मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं इतिहास शिकवलेली. रोज चारला डायनिंग टेबलवर तास भरतो. मला सुट्टी असली की भाजी निवडत मीही ऐकते.

आज बालपण. आठ महिन्यांची असताना वडील गेले. मग केन्सिंग्टनच्या राजवाड्यात आई आणि आईचा तो कारभारी यांच्या मुठीत. एकटीला खोलीत बसू द्यायचं नाही. जिना उतरायचा तर कुणाचा तरी हात धरून. अठरा वर्षांची होईपर्यंत आईच्या खोलीत झोपायची. रोजनिशी लिहायची, ती आई वाचायची. (मी ही वही कपाटात कपड्यांखाली ठेवते.) आणि आपण गादीची वारस आहोत, हे दहा वर्षांची होईपर्यंत तिला कुणी सांगितलंच नव्हतं म्हणे! शेवटी इतिहासाच्या पुस्तकात वंशावळीचा कागद घालून ठेवला, तेव्हा बाईसाहेबांना कळलं.

"दॅट्स सो टॉक्सिक, आजी," अनन्या म्हणाली.

"अगं, सगळं तिच्या भल्यासाठीच चाललं होतं," आई म्हणाल्या. "भलं करणाऱ्यांची कुठे कमी असते?"

मग अनन्या वर माझ्या खोलीत आली, दार लावून घेतलं. तिला आम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंय. "मॉम, यू आर डुइंग केन्सिंग्टन टू हर. तुम्ही आजीला केन्सिंग्टनमध्ये ठेवलंय." मी म्हणाले, पंधरा वर्षांची आहेस, मोठ्यांना अक्कल शिकवू नकोस. माझा आवाज थेट माझ्या आईसारखा निघाला.

२५ ऑगस्ट

आई आता रोज मेसेज करतात. लांबलचक. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तोंडाने बोलल्या नसतील इतकं.

आजचा — "सुनीती उभ्या उभ्या जेवते. गाडीतून उतरली की गॅरेजमध्येच कपडे बदलते, आमच्या जवळ येत नाही. मी काही बोलत नाही, तिला आवडायचं नाही. पण तुम्हाला म्हणून सांगते, आपल्या मुलाने आयुष्यात केलेली एक बरी गोष्ट म्हणजे ही मुलगी."

वीस वर्षं झाली लग्नाला. या बाईने माझ्या वरणाला कधी बरं म्हटलेलं नाही!

हे मी चोरून वाचते आहे. मेलेल्या माणसाची पत्रं उघडते आहे. आणि आणखी लाजिरवाणं म्हणजे — वाट बघते. ब्रेकमध्ये लॅपटॉप उघडून आधी तेच बघते.

उत्तर दिलं — "तिलाच सांग ना." त्या म्हणाल्या, "सांगेन कधीतरी."

एक बरं आहे. मला उत्तर देता येणार नाही असं काही त्या विचारत नाहीत. जुनी नावं नाहीत, जुने प्रसंग नाहीत. नशीब!

२७ ऑगस्ट

आज नातेवाइकांना करायचे तीन फोन. तिन्ही वृद्धाश्रमातून आलेले पेशंट. आमच्या वॉर्डात हे फोन बहुतेक मीच करते, कारण "सुनीती इज सो गुड अ‍ॅट इट". नाव विचारायचं, गाडी चालवत नाहीत ना विचारायचं, मग स्पष्ट शब्द वापरायचा. गेल्या, वारल्या. "आता आपल्यात नाहीत" वगैरे नाही. माणसाला आशा वाटेल असं एक अक्षर बोलायचं नाही. ज्युनिअर्सना मीच शिकवते हे.

तिसरा फोन एका मुलाला. साठीचा असेल. ऐकून घेतलं आणि सवयीने म्हणाला, "नो वरीज." मग रडायला लागला. मग म्हणाला, थँक्यू, सरळ सांगितलंत.

घरी येऊन मी लिहिलं — "आज ऑक्सिजन थोडा कमी लागला."

२८ ऑगस्ट

दहावा. इथे ना भटजी, ना घाट. राजीवने यूट्यूब बघून भाताचा पिंड केला आणि मागच्या कुंपणावर ठेवला. नऊची मीटिंग होती त्याची. वरून शर्ट, खाली पायजमा. उभा राहिला हात जोडून. कावळा समोरच्या पत्र्यावर बसून लहान मूल रडावं तसा ओरडत होता, पण शिवेना. मग एक मॅगपाय, इथला काळा-पांढरा पक्षी, आला आणि त्यानेच खाऊन टाकला. राजीव हसायला लागला. थांबेचना. मी त्याला धरलं, पहिल्यांदाच, नऊ दिवसांत.

आई खिडकीत होत्या. "काय करतोय राजीव?" मी म्हणाले, पक्ष्यांना भात घालतोय. म्हणाल्या, "घालू दे."

३१ ऑगस्ट

तेरावा. घरी पिझ्झा.

३ सप्टेंबर

राणीची कारकीर्द संपवायला घेतलीय. एका सकाळी सहाला झोपेतून उठवून सांगितलं, काका गेले, आता तू राणी. त्याच दिवशी तिने स्वतःचा पलंग आईच्या खोलीतून हलवायला लावला. अनन्याने टाळ्या वाजवल्या. मग लग्न, नऊ मुलं, आमच्यासकट अर्ध्या जगावर राज्य.

आणि मग नवरा आजारी पडला. बेचाळीस वर्षांचा. विषमज्वर. "डॉक्टरांना ठाऊक होतं," आई म्हणाल्या, "पण राणीला सोसायचं नाही म्हणून जपून जपून सांगत राहिले. बरं वाटेल, बरं वाटेल. एवढ्या मोठ्या राज्यात खरं सांगणारा एक माणूस निघाला नाही. गेला तो. मग चाळीस वर्षं ती काळं नेसली. त्याच्या खोलीत रोज दाढीचं गरम पाणी ठेवायला लावायची. लोक म्हणाले, वेड लागलं."

"वॉज शी मॅड?" अनन्याने विचारलं. माझ्याकडे बघून!

"वेड कसलं? निरोप घ्यायचा राहून गेला की असं होतं."

गवारीच्या शेंगा निवडायच्या तशाच टाकून मी वर निघून आले. किती दिवस? मला श्वास घेता येत नाही या घरात. वॉर्डात जास्त बरं वाटतं मला, तिथे निदान मी खोटारडी नाही.

६ सप्टेंबर

लॉकडाऊन वाढला. आणि दुपारी कॉन्सुलेटची ईमेल — आईंना सीट मिळाली! चौदा तारखेचं विमान. मे महिन्यात नाव घातलं होतं.

राजीव म्हणतो, आता कशाला सांगायचं? चित्रा सांगेल तिकडे. मी म्हणाले, तिकडे उतरल्यावर सात दिवस हॉटेलात एकटीने क्वारंटाइन आहे. बंद खोलीत बसून "पाचव्या दिवशी भेटते, सहाव्या दिवशी भेटते" करत राहतील त्या. आणि बाबांना मोगऱ्याचा साबण लागतो म्हणून आतापासून यादी करताहेत. सांगायचं. इथेच. तो म्हणाला, मग तू सांग.

मीच सांगणार. दुसरं कोण?

मेसेज आला — "सीट मिळाली. येते." मी उत्तर दिलं नाही. देववलं नाही.

८ सप्टेंबर

उद्या. नक्की उद्या. काही झालं त्यांना — छातीत दुखलं, पडल्या — तर ते माझ्यामुळे. आणि नाही सांगितलं, तर तेही माझ्यामुळेच.

९ सप्टेंबर

सांगितलं.

सकाळी अकराला. त्यांच्या खोलीत, पलंगाच्या कडेला बसून. राजीव दारात. मी त्यांचा हात हातात घेतला. किती दिवसांनी कुणाच्या हाताला ग्लोव्हशिवाय हात लावला. "आई, वाईट बातमी आहे. बाबा वारले. एकोणीस ऑगस्टला. आम्ही तुमच्यापासून लपवलं. मेसेज खोटे होते."

त्यांनी "कधी म्हणालीस?" असं विचारलं. परत सांगितलं. "त्रास झाला का फार?" मी म्हणाले, शेवटच्या दिवशी झोपेचं औषध दिलं होतं, कळलं नसेल. "जवळ कोण होतं?" मी खरं सांगितलं. एक नर्स होती. नाव माहीत नाही.

मग त्या रडल्या. मोठ्याने, पदर तोंडात कोंबून. राजीव येऊन पायाशी बसला. मीही रडले, एकवीस दिवसांत पहिल्यांदा. माझा हात त्यांनी सोडला नाही. शेवटी म्हणाल्या, "सरळ सांगितलंस ते बरं केलंस. फार नीट सांगितलंस."

नाडी बघितली. ठीक होती. मला वाटलं होतं त्याहून पुष्कळच ठीक. मेसेज कुणी लिहिले ते त्यांनी विचारलं नाही. सांगायचं धैर्य मलाही झालं नाही.

आठ तास झोपले. मेल्यासारखी.

१० सप्टेंबर

लॅपटॉप बंद करायला गेले, तर बाबांच्या नंबरवर आईंचा मेसेज.

"चित्रा, यांचा फोन तुझ्याकडेच असणार. इतके दिवस मला एकटं पडू दिलं नाहीस, देव तुझं भलं करो. मला एकोणीस तारखेला सकाळीच कळलं होतं, राजीवचं तोंड बघून. काल सुनीतीने सांगितलं. मी पहिल्यांदाच ऐकते आहे असं दाखवलं. परक्यांना सांगून सांगून पोर पार झिजली आहे. घरच्यांना तरी तिने नीट सांगितलं, असं तिला वाटू दे. मला आधीच माहीत होतं, हे सुनीतीला सांगू नकोस."