आत्या, मावशी आणि पाचवा सेट

प्रिय आणि (मामीच्या सांगण्यावरून) मुळीच न रागावलेले मामा,

साष्टांग नमस्कार. दाढेची जागा आता कशी आहे? सूज उतरली का? बोलता येत नसलं तरी पातळ काही पोटात जातं ना? तुमची दाढ दुखावी असं मी जन्मात कधी चिंतलेलं नाही, पण ती काढली हे काल मामीकडून कळलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी फोनवर चक्क "अरे वा!" म्हणालो. मामीने फोन ठेवून दिला. तिला कसं सांगू? अकरा दिवस तुम्ही माझा एकही फोन उचलला नाहीत. अकरा दिवस मी घरबुडव्या, देशबुडव्या आणि भाचा म्हणवून घ्यायला नालायक असा माणूस म्हणून या परक्या देशात जगलो. दाढी केली नाही, गरम पाण्याचा नळ बिघडला तर तक्रारही केली नाही (म्हटलं, आपली तीच लायकी). आणि इकडे तुमच्या तोंडात नुसता कापूस होता! मामा, एवढं हलकं मला शाळा सुटल्यावरसुद्धा वाटलं नव्हतं.

आता सामना तुम्ही टीव्हीवर पाहिलाच आहे, पण टीव्हीवर फक्त चेंडू दिसतो. आतली गोष्ट सांगतो.

तुम्हाला आठवत असेल, मी इथल्या व्हॉलीबॉल क्लबात आलो त्या वर्षी आमचा संघ तळाला होता. कारण साधं होतं. सेटर म्हणून चेंडू कुठे उचलून देणार हे मी ओरडून सांगायचो ते इथल्या भाषेत, आणि ती समोरच्या संघालाही येते. आमचे प्रशिक्षक (सगळे त्यांना कंपास म्हणतात, फळ्यावर सारखी वर्तुळं काढतात म्हणून) एकदा वैतागून म्हणाले, कोणाकडे काही गुप्त शब्द आहेत का? माझी छाती फुगली. शाळेमागच्या मैदानावर तुम्ही आम्हाला शिकवलेले शब्द मी तिथल्या तिथे त्यांना देऊन टाकले. डावीकडे उंच, निवांत चेंडू म्हणजे आत्या, कारण ती येते येते म्हणते आणि वेळ लावते. मधून झटपट तो जावई, कारण आला की सगळ्यांनी उठायचं. आणि पाठीमागून गुपचूप ती मावशी, कारण आईच्या नकळत हातात काहीतरी सरकवते ती मावशीच. फळ्यावर तीन वर्तुळांत हे तीन नातेवाईक जाऊन बसले तेव्हा मला वाटलं, मी देशाची केवढी सेवा करतोय!

आणि झालीही सेवा. आमचा खांब (उंची दोन मीटर, स्वभावाने गरीब) पंधरा दिवस आरशासमोर उभं राहून "आत्या" म्हणायला शिकला. तळाचा संघ तिसरा आला. प्रेक्षकांत काही बायका आत्याच्या नावाचा फलक घेऊन येऊ लागल्या, आत्या म्हणजे काय हे ठाऊक नसताना. फक्त आमच्या पाटीला (कोऱ्या पाटीसारखं डोकं, म्हणून हे नाव) एकदा बसलेली गोष्ट बदलता येत नाही. मावशी म्हटलं की तो माझ्या पाठीमागे उडी मारतो. घराला आग लागली आणि कोणी मावशी म्हणालं तरी मारेल.

मग बातमी आली की आपल्या देशाचा संघ मोठ्या स्पर्धेआधी सरावासाठी इथे येतोय आणि एक सामना आमच्याशी खेळणार आहे. मी हवेत. चार दिवस मी फक्त दोनच गोष्टींचा विचार केला : बूट स्वच्छ हवेत, आणि आपलं राष्ट्रगीत वाजेल तेव्हा क्लबच्या रांगेत उभं राहून ओठ हलवायचे की नाही. समोरच्या बाराजणांतले पाच तुमचे शिष्य आहेत आणि त्यांना माझी आत्या माझ्याआधीपासून ठाऊक आहे, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही! मामा, माणूस इतका मूर्ख असू शकतो यावर माझाही विश्वास नव्हता.

सामन्याआधीच घोटाळे सुरू झाले. राष्ट्रगीताला ओठ मी आवळून धरले, पण डोळ्यांचं काय करणार? ते वाहिले. क्लबच्या सेक्रेटरीणबाईंनी ते पाहून वहीत काहीतरी लिहिलं. मग सरावाला चेंडू न्यायचे होते. कानावर आपली भाषा पडली, पाय आपसूक वळले, आणि मी आमच्या क्लबची चेंडूंनी भरलेली जाळी घेऊन सरळ आपल्या संघाच्या बाजूला गेलो. आपला बारक्या (आता कप्तान आहे, दारातून वाकून यावं लागतं) अगदी सहज "आण इकडे" म्हणाला, आणि मी आणली. याचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात होता.

पहिला चेंडू. मी पूर्ण ताकदीने ओरडलो, आत्या! खांब उडाला, आणि पाहतो तो काय, पलीकडे तीन जण आधीच हात वर करून तिच्या स्वागताला उभे. पुढे मावशी म्हणालो तर अख्खा आपला संघ हसला. दोन सेट आम्ही असे हरलो की पाणी देणारा माणूससुद्धा माझ्याकडे संशयाने पाहत होता.

कंपासने मला हाताला धरून जुनी जाळी ठेवायच्या खोलीत नेलं आणि दार लावून एकच प्रश्न विचारला, तू नक्की कोणाचा? मामा, मी तिथे बसून रडलो. म्हटलं, शब्द माझ्या मामांचे आहेत, मी तिकडचा आहे आणि खेळतो तुमच्यासाठी, आणि हे तिन्ही खरं आहे. त्यांनी खिशातला खडू काढून दारावर दोन वर्तुळं काढली. मग म्हणाले, ठीक, आत्या आणि मावशीच्या जागा बदलून टाक. (जावयाला हलवायची हिंमत त्यांनाही झाली नाही.)

पुढचे दोन सेट मी कशा शब्दांत वर्णन करू! आत्या म्हटलं की निम्मे आमचे मागे धावायचे, निम्मे डावीकडे, आणि एकमेकांवर आपटायचे. खांबाने एकदा हवेतच थांबून मला काय म्हणालास ते विचारलं. आम्हालाच चेंडू कुठे जाणार ते कळत नव्हतं, तर समोरच्यांना कुठून कळणार? दोन्ही सेट आम्ही जिंकलो. पाचव्यात मात्र बारक्याने अदलाबदल ओळखली. चौदा-तेरा, आम्ही पुढे. त्या धांदलीत माझी जुनी सवय उफाळली, मी चुकून मावशी म्हणालो आणि जुन्या पद्धतीने खरंच मागे चेंडू दिला. बारक्या नव्या हिशोबाने डावीकडे धावला होता. मागे होता फक्त पाटी. त्याने उडी मारली आणि सामना संपला.

बारक्या जाळीखालून आला तेव्हा मला वाटलं आता मुस्कटात बसणार. त्याने मिठी मारली. कानात विचारलं, "चुकून ना रे?" मी म्हटलं, "चुकून." आपले प्रशिक्षकही हसले, म्हणाले घरची माणसं अशी चारचौघांत वाटून टाकतात का? क्लबने मला आणखी दोन वर्षं ठेवून घेतलंय. आणि तुमची फक्त दाढ होती. म्हणजे सगळं छान झालं. पातळ जेवत जा.

तुमचा भाचा

ता. क. मामीला सांगा, "अरे वा" तिला नव्हतं.

ता. क. पेपरातला तो फोटो कोणी दाखवला तर मी जाळी परत आणत होतो असं सांगा.

ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा काढलं. मामा, ते चुकून नव्हतं. पाटीच्या डोक्यात अदलाबदल शिरलेली नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि बारक्या डावीकडे जाणार हेही, कारण तो कसा विचार करतो ते मी तुमच्याच मैदानावर शिकलो. मी जाणूनबुजून मावशी म्हणालो. इथल्यांसाठी खेळत होतो, प्रामाणिकपणे खेळलो, आणि त्याला मात्र खोटं सांगितलं. हे तुम्हाला लिहिलं आणि आज पहिल्यांदा नीट श्वास घेतोय. आता काम एवढंच. पुढच्या वर्षी सामना तिकडे आहे. दाढ बरी झाली की सगळे शब्द बदला. बारक्याला शिकवा, नव्या मुलांना शिकवा, हवं तर मामीला शिकवा. मला सांगू नका. मी घरी जेवायला येईन, तुमच्या शेजारी बसेन, लाडात येऊन विचारेन. तरी सांगू नका.