न्हाणीमागची टाकी

आबा, आज सांगलीत एका नव्या बंगल्यात साखळीचा संडास बसवला. साखळी ओढली की वरच्या टाकीतलं प्यायचं पाणी, चांगलं बादलीभर, भसकन खाली जातं. मालकानं पाहुण्यांसाठी तीनदा ओढून दाखवली आणि सगळे जत्रेतला खेळ बघितल्यासारखे हसले. मी पान्हा घेऊन कोपऱ्यात उभा. तुम्ही असता तर त्याला तिथंच चार शब्द ऐकवले असते. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत मी फलटणला उसाच्या ट्रकवर होतो, वाईला हॉटेलात कपबश्या विसळल्या, कवठे महांकाळकडं विहिरी खोदायच्या टोळीत राहिलो, कुठंच टिकलो नाही. ते राहू दे. मी दुसरंच सांगायला बसलोय.

साताऱ्यातलं ते दुष्काळाचं साल. नळाला दिवसाआड अर्धा तास पाणी. एका गल्लीतले टोपलीचे संडास मोडून पाण्याचे बांधायचं काम तुमच्याकडं, मी तुमच्या हाताखाली, आणि घरमालक तुम्हाला म्हणतात, "मिस्त्री, प्यायला नाही तिथं संडासात कुठून ओतू? टोपलीच बरी." मैला न्यायला येणारी बाई तिथंच बोळात उभी. तुम्ही तिच्याकडं बघता, मग न्हाणीच्या मोरीकडं. "आवं मालक, सकाळधरनं सात मान्सं आंघूळ करत्यात. त्ये समदं गटारात जातंय. मला चार दिस द्या. नव्या पान्याचा येक थेंब मागनार न्हाई." सातारा उतारावरचं गाव, पाणी आपसूक खाली येतं. न्हाणीच्या भिंतीमागं तुम्ही टाकी बांधलीत. वर विटांचे तुकडे, कोळसा, वाळू, त्यातून पाणी झिरपून टाकीत, आणि टाकीची तोटी थेट संडासाच्या दारात. मी मोरीचा उतार बोटभर कमी ठेवला तर थापी फेकून मारलीत. "लेका, पानी तुज्या मर्जीनं चालतंय व्हय?"

आणि चाललं की. ती बाई रिकामी टोपली घेऊन परत निघाली, वळून म्हणाली, "मिस्त्री, माजं काम घालवलंसा की वो!" तुम्ही म्हणालात, "घालवलं तर घालवलं. मान तरी सरळ हुईल तुजी." दोघंही हसलात. तुम्हाला इतकं मोकळं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. शेजारची तीन घरं टाकी बघून गेली, आमच्यातही बांधा म्हणाली. तुम्ही तर गल्लीतल्या सगळ्या टोपल्या मोजूनच ठेवल्या होत्या.

आठ दिवसांनी आपल्याला बोलावणं आलं. जाऊन बघतो तर टाकी पहारीनं फोडलेली, वाळू बोळभर. त्या वाळूवर झेंडूच्या पाकळ्या आणि गंधाचा डाग सापडला होता. घरातले देव त्याच न्हाणीत न्हायचे आणि ते पाणी आठ दिवस संडासात गेलं होतं. मालकांच्या आईनं अन्न सोडलं होतं. मालक म्हणाले, "तुम्हा लोकांना सांगून काय उपयोग? तुमच्या घरात देव कुठं राहिलेत?" आपल्या घरातले देव तुम्ही धम्म घेतला तेव्हाच नदीत सोडलेले. थापी उचललीत. रस्त्यावर आल्यावर एवढंच म्हणालात, "देव निमित्त रं. बांधलं कुनी, त्ये खुपलं." ती तीन घरं पुन्हा बोलली नाहीत. टोपली परत सुरू झाली. ती बाई लांबून दिसली तरी तुम्ही वाट बदलायचात, आणि पुढच्या पावसाळ्यात तर गेलातच.

ही गोष्ट मी किती चहाच्या टपऱ्यांवर सांगितली. तांब्याभर पाण्यापायी माझ्या बापाचा जीव घेतला, असं म्हणायचो. लोक त्या मालकाला शिव्या घालायचे, मला बरं वाटायचं. तो बोलला ते बोललाच, त्यातलं काही मी कमी करत नाही. पण तुमचं म्हणणं पुरं नव्हतं, आबा. टाकी बांधायला घेतली त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही वाळू आणायला गेला होतात. मालकांच्या आई मागच्या दारी आल्या. मला म्हणाल्या, "अरे, देवांना मी याच न्हाणीत न्हाऊ घालते. तेवढं पाणी बाजूला काढून तुळशीला जाईल असं करा. वडिलांना सांगशील ना?" हातभर नळीचं काम. "सांगतो की आजी," म्हणालो, आणि तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी सर्कशीचा हत्ती आला, जाहिरातीचं कापड पाठीवर टाकलेला. मी त्याच्या मागं थेट राजवाड्यापर्यंत गेलो. परत आल्यावर ध्यानातच राहिलं नाही. ध्यानात आलं ते फुटलेल्या टाकीपुढं. म्हातारी उंबऱ्यात उभी राहून माझ्याकडं बघत होती. ती बोलली नाही, का ते कळलं नाही. मीही बोललो नाही. तिथं नाही, रस्त्यात नाही, तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हाही नाही.

हा कागद आता घडी करून पान्ह्याच्या पिशवीत टाकीन, तिथं तो तेलानं खराब होईल. होऊ दे. तुम्ही जिवंत असता तर मी हे लिहिलंच नसतं.