केरबाचं काळं पाणी

१४ मार्च
विट्याला तालीम. माझा वग पहिल्यांदा सलग उभा राहिला. माझा म्हणजे सांगाडा माझा. संवाद कलाकार आपल्याच तोंडचे बोलतात. बोटीचा प्रसंग. स्टेजवर एक बाकडं, बाकी काही नाही. काळ्या पाण्याचे तिघे कैदी त्यावर बसले, ढोलकी खाली खाली उतरत गेली, मागच्या झीलकऱ्यांनी "जी जी" इतकं लांबवलं की बाकडं डुलतंय असं वाटलं. यातल्या एकानंच समुद्र पाहिलाय. मी खुर्चीची कड घट्ट धरून.

१९ मार्च
गावी. वडिलांना विचारलं, "आण्णा, वगात खरं नाव घालू?" केरबा त्यांचे पणजोबा. पाटाच्या पाण्यावरून भावकीतला माणूस मारला, काळ्या पाण्यावर गेले, आले नाहीत. घरात नाव कुणी घेत नाही. कुणा पोराला ठेवलं नाही.
"घालायचं न्हाई. आन मी बघायलाबी येनार न्हाई."
वगात नाव सर्जा ठेवलं. बापू सोंगाड्या म्हणतो, "बाई, त्येला इंग्रजाशी लढवा की, लय टाळ्या पडतील!" नाही म्हटलं. पण खून खरा आणि नाव खोटं, हा माझा प्रामाणिकपणा नेमका कसला?

२ एप्रिल
म्हसवडकडे प्रयोग झाला. मेंढरांमागची माणसं, घोंगड्या पांघरून. बोट सुटली तशी एक म्हातारी उठली, बाकड्याकडे हात करून, "आरं, पानी तरी पाजा रं त्येला कुनी!" कोणी हसलं नाही. अशा वेळी आपण लिहिलं म्हणजे काय केलं, ते...

९ एप्रिल
काल गावची यात्रा. आण्णा आले! धुतलेलं धोतर, पहिल्या रांगेत. कोर्टाचा प्रसंग. साहेब विचारतो, "आरोपी, नाव काय तुझं?" सर्जा तोंड उघडणार, तोच आण्णा उभे.
"केरबा! केरबा त्येचं नाव. माझा पणजा हाय त्यो."
ढोलकी थांबली. पट्टेवाला झालेल्या बापूनं उचललं, "आवं आण्णा, बसा खाली, न्हाईतर सायेब तुमालाबी बोटीत घालंल!" पटांगण हसलं. आण्णाही. मग आरोपी हळू म्हणाला, "व्हय सायेब. केरबाच."
शेवटपर्यंत केरबाच राहिला.

१० एप्रिल
चहा पिताना आण्णा म्हणाले, "ताई, वग ब्येस हाय. पन ज्येला मारला, त्येचं नाव काय?"
त्याला नावच नाही. वगात तो नुसता 'मयत'. एका नावासाठी इतके दिवस झुरले, दुसरं विचारायचं सुचलंसुद्धा नाही.
"तुम्हाला माहीत आहे?"
"न्हाई. त्येंच्यात असंल म्हाईत."
त्येंच्यात म्हणजे वरच्या आळीत, त्या माणसाच्या घरी. आण्णांच्या आजोबांपासून येणं-जाणं बंद. हळदी-कुंकूसुद्धा नाही.
आण्णांनी टोपी घातली. "चल."
हे लिहितेय, ते अंगणात थांबलेत. दार उघडलंच तर पहिलं वाक्य त्यांनी बोलायचं की मी, हे ठरलेलं नाही.